हरवलेल्या जहाजाचा शोध

विहिरीत बादली पडली तर आपण काय करतो? दोरीला लोखंडी गळ बांधतो आणि तो विहिरीत सोडतो. पूर्वी चाकूरसारख्या गावात गळ प्रत्येक घरी नसे. गल्लीतल्या एखाद्याच घरी तो असे आणि तिथून मागून आणावा लागे. गळ देणारी म्हातारी आधी विचारी, "बादली कोणत्या बाजूला पडली?" मग विचारी, "पडताना कोणी पाहिली का?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर बादली लवकर सापडे. नाही मिळाली, तर दुपारभर गळ फिरवत बसावे लागे.

मुलांनो, या पाठात आपण बादलीहून खूप मोठी वस्तू शोधणार आहोत. ती वस्तू म्हणजे पाण्यात बुडालेले लाकडी मालवाहू जहाज. गंमत अशी, की जहाज शोधणाऱ्यांनाही त्या म्हातारीचेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

आपल्या चाकूरपासून समुद्र फार लांब आहे. रस्त्याने गेलो तर चारशे किलोमीटरहून अधिक अंतर पडते. तुमच्यापैकी अनेकांनी समुद्र अजून पाहिला नसेल. आपल्याकडे 'नांगर' म्हटले, की शेत आणि बैलजोडी डोळ्यांसमोर येते. कोकणात समुद्रकाठी कोणी म्हणाला, "नांगर टाकला," तर त्याचा अर्थ वेगळा असतो. जहाज एका जागी थांबवण्यासाठी जो जड लोखंडी आकडा पाण्यात सोडतात, त्याला तिथे नांगर म्हणतात. उर्दूत त्यालाच लंगर म्हणतात. जहाज, बंदर, किनारा, तुफान, खलाशी हे शब्द तर तुमच्या उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. उर्दूतला नाखुदा कोकणात नाखवा झाला. तेव्हा समुद्र लांब असला, तरी त्याची भाषा तुम्हांला परकी नाही.

वाफेची इंजिने येण्यापूर्वी सगळी जहाजे लाकडाची असत आणि वाऱ्यावर चालत. उंच डोलकाठीला शीड बांधत. शिडात वारा भरला, की जहाज पुढे जाई. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गलबते, पडाव आणि मचवे धान्य, मीठ, लाकूड, नारळ, कौले असा माल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेत. पावसाळ्यात दर्या खवळतो, म्हणून त्या दिवसांत ती किनाऱ्यावर ओढून ठेवत. तरीही एखादे जहाज अवेळी आलेल्या वादळात सापडे. एखादे पाण्याखालच्या खडकावर आपटे आणि फुटे. मोठ्या सरकारी जहाजाची नोंद कागदावर होई. गरीब नाखव्याच्या मालवाहू जहाजाची आठवण मात्र त्याच्या घरातच राही आणि दोन पिढ्यांत पुसली जाई.

असे एक जहाज गोव्याजवळ आहे.

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. समुद्राच्या तळाशी गेलेल्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारे लोकही तिथे काम करतात. ते पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्यात उतरतात. अशा माणसाला मराठीत पाणबुड्या म्हणतात. तुम्ही त्याला गोताखोर म्हणाल. या संस्थेच्या पाणबुड्यांनी गोव्याजवळच्या सेंट जॉर्ज नावाच्या खडकापाशी तपासणी केली, तेव्हा त्यांना तळावर काय दिसले? सोने नाही, चांदी नाही. त्यांना कौले दिसली! घराच्या छपरावर घालतात ती भाजलेल्या मातीची कौले, फरशा, पाणी वाहून नेणारे मातीचे नळ आणि खांबांच्या डोक्यावर बसवायचे नक्षीदार मातीचे माथे.

आता एक खजिना सापडला, असे मी म्हणेन. तुम्ही हसाल. पण कौलावर काय लिहिले होते, ते ऐका. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'बासेल मिशन टाइल वर्क्स' असे नाव आणि '१८६५' हा आकडा उमटवलेला होता. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला होता आणि तो १८६५ साली सुरू झाला. आपण ज्यांना मंगलोरी कौले म्हणतो, ती हीच. जुन्या शाळांवर आणि कचेऱ्यांवर ती अजूनही दिसतात. एखादे कौल हाताशी आले, तर उलटे करून पाहा. कारखान्याचे नाव त्यावर बहुधा असतेच.

या एका ओळीवरून किती गोष्टी कळल्या! जहाज मंगळूरच्या कारखान्याचा माल घेऊन निघाले होते. ते १८६५ पूर्वी बुडालेले असू शकत नाही. मात्र इथे घाई करून चालणार नाही. कौलावर १८६५ लिहिले आहे, म्हणून जहाज १८६५ सालीच बुडाले, असे कोणी म्हणाले तर ते चूक ठरेल. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. तुमच्या शाळेच्या पाटीवर स्थापनेचे वर्ष असते, पण तुम्ही त्या वर्षी शाळेत गेलेला नसता. तसेच हे आहे.

गोव्याजवळ सुंची नावाचा आणखी एक खडक आहे. तिथे याहून जुन्या, सतराव्या शतकातल्या जहाजाचा माल मिळाला. त्यात चिनी मातीची भांडी, लोखंडी तोफ, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते. पाणघोडा भारताच्या जंगलात आढळत नाही. तो आफ्रिकेत राहतो. म्हणजे त्या जहाजातला काही माल आफ्रिकेकडून आलेला होता. पाणघोड्याच्या एका दाताने केवढी लांबची साक्ष दिली, पाहा.

पण कौले नेणाऱ्या जहाजाचे नाव काय होते? त्याचा नाखवा कोण होता? खलाशी वाचले का? यांपैकी काहीही कौलांवर लिहिलेले नाही. त्या जहाजाला आज अभ्यासक खडकाच्या नावाने ओळखतात. कुणाच्या तरी नव्या घराचे छप्पर आणि नक्षीदार खांब घेऊन निघालेली ती माणसे होती. घराचा मालक किती दिवस वाट पाहत बसला असेल!

तुम्ही विचाराल, जहाजाचे लाकूड कुठे गेले? लाकडावर तर नाव कोरलेले असते. याचे उत्तर एका लहानशा प्राण्याकडे आहे. खाऱ्या, उबदार पाण्यात टेरेडो नावाचा एक प्राणी राहतो. तो दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. तो लाकडाला भोक पाडून आत शिरतो आणि लाकूड आतून पोखरत जातो. आपल्याकडे चौकटीला वाळवी लागते, तसेच. जहाज चालू असताना नाखवे त्याच्या तळाला चुना आणि तेल यांचा लेप देऊन लाकूड जपत. बुडालेल्या जहाजाला लेप कोण देणार? उघडे पडलेले लाकूड हळूहळू नाहीसे होते. तळावर उरते ते ज्याला कीड खात नाही ते. माती, दगड, लोखंड, काच, दात.

मग टेरेडो नसलेल्या पाण्यात लाकडी जहाज बुडाले, तर त्याचे काय होते? हे पाहायला आपल्याला समुद्र सोडून उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांकडे जावे लागेल.

तळे म्हटल्यावर गावाबाहेरचा पाझर तलाव डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या सीमेवर पाच प्रचंड सरोवरे आहेत. पाचही मिळून त्यांचे क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. आता अंदाज करा. यांपैकी एकट्या मिशिगन सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध मराठवाड्याहून थोडेसेच कमी आहे. मधोमध उभे राहिले तर कोणताच किनारा दिसत नाही. आणि हे सारे पाणी गोडे! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही घरच्या मोठ्यांकडून ऐकले असेल. अशा जिल्ह्यात बसून गोड्या पाण्याच्या दर्याची कल्पना करणे सोपे नाही. तरी करून पाहा.

एकोणिसाव्या शतकात या सरोवरांवर 'स्कूनर' जातीची लाकडी जहाजे शेकड्यांनी फिरत. स्कूनरला दोन, तीन किंवा अधिक डोलकाठ्या असत आणि तिची शिडे जहाजाच्या लांबीच्या दिशेने बांधलेली असत. त्यामुळे थोडेच खलाशी ती सांभाळू शकत. मजुरी कमी लागे, म्हणून व्यापाऱ्यांना ती परवडे. धान्य, इमारती लाकूड, कोळसा आणि लोखंडाचे कच्चे दगड ती वाहून नेत. पण या सरोवरांवर शरद ऋतूत भयंकर वादळे येतात. आजवर तिथे सहा हजारांहून अधिक जहाजे बुडाली असावीत, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचा पत्ता अजून लागलेला नाही.

त्यांतलेच एक होते 'एफ. जे. किंग'. तीन डोलकाठ्यांचे हे जहाज १८६७ साली बांधले गेले. त्याची लांबी १४४ फूट, म्हणजे सुमारे ४४ मीटर होती. सप्टेंबर १८८६ मध्ये ते एस्कनाबा बंदरात लोखंडाचे दगड भरून शिकागोकडे निघाले. वाटेत मिशिगन सरोवरावर वादळ उठले. आठ ते दहा फूट उंच लाटा जहाजावर आदळू लागल्या. फळ्यांचे सांधे सुटले आणि पाणी आत आले. खलाश्यांनी कित्येक तास पंपाने पाणी उपसले. आत येणारे पाणी अधिक आणि बाहेर जाणारे कमी, असे झाले तेव्हा कप्तान विल्यम ग्रिफिन याने सर्वांना लहान होडीत उतरायला सांगितले. रात्री दोनच्या सुमारास जहाज नाकाकडून खाली गेले. आत कोंडलेली हवा इतक्या जोराने बाहेर पडली, की मागच्या बाजूची खोली उडाली आणि कप्तानाचे कागद पन्नास फूट वर उडाले. जवळून जाणाऱ्या दुसऱ्या एका स्कूनरने होडीतल्या माणसांना उचलले आणि बेलीज हार्बर या गावी पोहोचवले.

माणसे वाचली. जहाज गेले. आता म्हातारीचा पहिला प्रश्न. कोणत्या बाजूला पडले?

कप्तान म्हणाला, "किनाऱ्यापासून सुमारे पाच मैलांवर." कप्तानापेक्षा अधिक कोणाला माहीत असणार? पण दुसरा प्रश्नही होता. कोणी पाहिले का? एका माणसाने पाहिले होते. दीपगृहाचा रखवालदार विल्यम सँडरसन याला थोड्या दिवसांनी पाण्यावर डोलकाठ्यांची टोके दिसली आणि त्याने तसे कळवले. त्याने सांगितलेली जागा किनाऱ्याच्या बरीच जवळ होती.

दोघांच्या सांगण्यात फरक पडला. पुढे या जहाजाचा शोध घेणारे अनेक जण आले. कोळ्यांच्या जाळ्यांत जहाजाचे तुकडे अडकल्याच्याही गोष्टी निघाल्या. एका पाणबुड्यांच्या मंडळाने जहाज शोधणाऱ्याला एक हजार डॉलरचे बक्षीस लावले. तरी जहाज मिळेना. लोक त्याला भुताचे जहाज म्हणू लागले. माणसाला एखादी वस्तू सापडली नाही, की तो तिचे भूत करतो. ही सवय तिकडेही आहे.

ब्रेंडन बेलॉड नावाच्या अभ्यासकाने मग वेगळा विचार केला. कप्तान खोटे बोलत नव्हता. पण रात्रीचे दोन वाजले होते, वादळ होते, किर्र अंधार होता. जीव वाचवणाऱ्या माणसाला आपण नेमके कुठे आहोत, हे कसे समजणार? रखवालदार मात्र जमिनीवर उभा होता, उजेडात पाहत होता आणि पाण्यावर नजर ठेवणे हेच त्याचे रोजचे काम होते. म्हणून बेलॉडने रखवालदाराने सांगितलेल्या जागेभोवती नकाशावर दोन चौरस मैलांचा चौकोन आखला.

पुढचे काम यंत्राचे होते. त्या यंत्राला सोनार म्हणतात. ते बोटीमागून पाण्यात ओढत नेतात. यंत्रातून ध्वनीच्या लहरी दोन्ही बाजूंना तळाकडे जातात आणि आपटून परत येतात. परत आलेल्या लहरींवरून पडद्यावर तळाचे चित्र उमटते. डोंगरासमोर हाक मारली, की प्रतिध्वनी येतो. त्यातलाच हा प्रकार आहे. मात्र बोट वाटेल तशी फिरवून चालत नाही. शेतकरी नांगर धरतो, तेव्हा एका तासाला लागून दुसरे तास काढतो आणि मध्ये जमीन सुटू देत नाही. बोटही तशीच सरळ रेषेत जाते, वळते आणि पहिल्या रेषेला लागून परत येते. काम कंटाळवाणे असते. तासन् तास पडद्यावर नुसती वाळू दिसते.

२८ जून २०२५ रोजी बेलॉडबरोबर सुमारे वीस हौशी माणसे या शोधात सामील झाली होती. त्या दिवशी पडद्यावर सुमारे १४० फूट लांबीची एक आकृती दिसली. रखवालदाराने सांगितलेल्या जागेपासून ती अर्ध्या मैलाच्याही आत होती! १३९ वर्षांपूर्वी एका साध्या नोकराने जे डोळ्यांनी पाहिले आणि जसेच्या तसे कळवले, ते खरे ठरले.

पाण्याखाली कॅमेरा सोडल्यावर आणखी आश्चर्य वाटले. लोखंडाच्या दगडांच्या भाराने जहाजाचे तुकडे झाले असतील, असे शोधणाऱ्यांना वाटत होते. पण जहाजाचे लाकडी अंग बरेचसे अखंड होते. याचे कारण तुम्ही आता स्वतःच सांगू शकाल. पाणी गोडे आहे, थंडगार आहे आणि त्यात टेरेडो नाही. गोव्याजवळ माल राहिला आणि नाव गेले. इथे नाव, माल, जहाज, सारे राहिले.

मात्र आता या गोड्या पाण्यातल्या जहाजांनाही धोका आहे. १९८९ च्या सुमारास क्वागा नावाचे छोटे शिंपले या सरोवरांत आढळले. हे शिंपले मूळचे काळ्या समुद्राकडच्या प्रदेशातले. लांबून येणारी जहाजे तोल राखण्यासाठी पोटात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्याबरोबर हे शिंपले आले. ते बुडालेल्या जहाजांवर थरांवर थर बसतात. जहाजाचे नाव, कोरीव काम, फळ्यांचे सांधे त्यांच्याखाली झाकले जातात आणि त्यांच्या वजनाने लाकूड खचते. शंभर-दीडशे वर्षे जसेच्या तसे राहिलेले जहाज आता तसे राहीलच, असा भरवसा उरलेला नाही. म्हणून तिथले अभ्यासक घाई करत आहेत. जहाज सापडले, की त्यावरची वस्तू उचलून घरी नेत नाहीत. छायाचित्रे घेतात, मापे घेतात, नकाशा काढतात.

काही जहाजांनी मात्र अजून सर्वांना चकवले आहे. 'ग्रिफॉन' नावाचे लाकडी जहाज १६७९ साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज राज्य करीत होते आणि दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब होता त्या काळात, जनावरांची कातडी भरून मिशिगन सरोवरातून निघाले आणि नाहीसे झाले. ते आपल्याला सापडले, असे आजवर अनेकांनी जाहीर केले. एकाचेही म्हणणे तपासात टिकले नाही. आपल्या किनाऱ्याजवळचे उदाहरण हवे असेल तर नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघालेल्या 'वैतरणा' या आगबोटीचे घ्या. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. तिचा कप्तान कासम इब्राहिम याच्या नावाने गुजरातेत आजही गीते गातात. ती लाकडी नव्हती, लोखंडी होती. शेकडो उतारूंसह ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली. तिथे तिच्या डोलकाठ्या पाहणारा रखवालदार कोणी नव्हता.

शब्दार्थ

गळ – विहिरीत पडलेली वस्तू काढण्याचा लोखंडी आकडा
डोलकाठी – शीड बांधण्याचा जहाजावरचा उंच खांब
पोखरणे – आतून कोरून पोकळ करणे
दीपगृह – जहाजांना वाट दाखवणाऱ्या दिव्याचा मनोरा
तास – नांगराने जमिनीत पडणारी रेघ
आगबोट – वाफेच्या इंजिनावर चालणारे जहाज

स्वाध्याय

१. कौलावर १८६५ हा आकडा होता. तरी जहाज त्याच वर्षी बुडाले, असे का म्हणता येत नाही?
२. पाणघोड्याच्या दातांवरून अभ्यासकांना काय समजले?
३. कप्तान आणि रखवालदार यांच्या सांगण्यात काय फरक होता? बेलॉडने कोणाचे म्हणणे मानले आणि का?
४. खाऱ्या पाण्यातले आणि गोड्या पाण्यातले लाकडी जहाज यांची पुढे काय स्थिती होते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
५. पाठात आलेले व उर्दूतही वापरले जाणारे शब्द शोधा आणि त्यांतील कोणत्याही तीन शब्दांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या घरातील किंवा गल्लीतील वृद्ध माणसाला जुन्या विहिरीबद्दल विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा.